वाजव की काहीतरी

ताराबाई पार्कात अर्जुनवाडकरांच्या हॉलमध्ये
खिडकीच्या डाव्या अंगाला पियानो आहे.
त्यावर फर्नची कुंडी, कुस्तीच्या दोन ट्रॉफ्या
आणि कुणाच्यातरी लग्नाची उरलेली पत्रिका.
महिन्यातल्या एका शनिवारी सगळे जमतात,
आत पांढऱ्या रश्श्याला कढ येत असतो,
आणि कुणीतरी म्हणतंच,
"वाजव की काहीतरी."

काहीतरी.
या शब्दाच्या पोटात किती अटी आहेत
ते कळायला मला अकरा वर्षं लागली.

पहिल्या वर्षी मी सतरा पानांचं वाजवलं,
तीन महिने घासून बसवलेलं.
सातव्या पानावर आतून हाक आली, "ताटं वाढलीत!"
आणि उद्यमनगरचे फाउंड्रीवाले शिंत्रे
जावं का थांबावं, या पेचात
एक पाय उचलून उभे राहिले.
तो पाय मी अजून विसरलेलो नाही.
उरलेली दहा पानं
मी आणि फर्ननं ऐकली.

नंतर एकदा हळवं काही घेतलं.
मालूताईंच्या घरी काय झालंय
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
त्या दिवशी पापड मोडल्याचा आवाजसुद्धा
फार मोठा झाला.

समुद्रेबाई, ज्यांनी मला मिशनच्या शाळेत शिकवलं,
म्हणायच्या, प्रार्थनेत देवासाठी वाजव,
घरात माणसांसाठी.
आणि लक्षात ठेव,
माणसं देवापेक्षा लवकर कंटाळतात.

माझ्याकडे पियानो नाही.
रविवारी चहा निवेपर्यंत
डायनिंग टेबलाच्या कडेवर बोटं चालवत
मी निवडतो.
बायको पेपराआडून ऐकते, म्हणजे काय ऐकते कोण जाणे,
आणि म्हणते, "हे नको. यात तू फार दिसतोस."

केएमटीतून कसं, कुठल्याही थांब्यावर उतरता येतं,
तसं हवं.
बोलणाऱ्याचा आवाज चढला की खाली बसणारं,
आणि कुणाला बोलायचंच नसेल
तर त्याच्या शेजारी येऊन टेकणारं.

शिवाय मधल्या सप्तकातली पांढरी पाच मुकी आहे.
मिरजेहून सतारी करणारे एक मिस्त्री आणले होते.
झाकण उघडून ते बराच वेळ आत वाकले,
मग हात पुसत म्हणाले,
"लाकूड ओळखीचं आहे. दुखणं नाही."
तेव्हापासून पांढरी पाच क्वचित लागेल
असंच मी शोधत आलो.

गेल्या शनिवारी चुकलो.
तीन मात्रांचं, संथ, दोनच पानांचं,
टेबलावर अगदी निर्धोक वाटलेलं.
टेबलाला कुठली मुकी पट्टी असते!
दर चौथ्या ओळीच्या शेवटी नेमकी तीच.
पहिल्यांदा खड्डा पडला.
दुसऱ्यांदाही.
कुणाला कळलं नाही, मलाच घाम फुटला.

तिसऱ्यांदा टण्ण झालं.
शिंत्रे भंगाराच्या दराबद्दल बोलत होते.
चाळीस वर्षं घणाशेजारी काढलेले कान,
हाक मारली तर तीनदा मारावी लागते,
आणि वाक्य न तोडता, माझ्याकडे न बघता
त्यांनी चमचा स्टीलच्या वाटीवर
बरोबर त्या जागी मारला होता.
सूर कुठलाच नव्हता.
वेळ मात्र केसभरही हलली नव्हती.

"नाद खुळा, भावा!" कुणीतरी ओरडलं.
त्यांना नव्हे, मला.

मग ताटं वाढली गेली, सगळे उठले.
शिंत्रेही उठले,
पण चमचा हातात धरून दारात रेंगाळले,
ओळ संपत आली तशी मान थोडी कलती केली,
चौकटीवर एक ठोका दिला
आणि आत गेले.
मीही तिथंच सोडलं.
तांबडा गरम होता.

परवा अर्जुनवाडकरांचा फोन आला,
पुण्याचा एक दुरुस्तीवाला मिळालाय, बोलवू का?
म्हटलं, बघू. दिवाळीनंतर.

ती दोन पानं काढून ठेवलीत.
जिथं जिथं पांढरी पाच येते
तिथं पेन्सिलीनं बारीक लिहिलंय,
शिंत्रे.